वाचक विचारतात : सांडव्यावर उभे राहण्यापूर्वी

मागील अंकात आम्ही मुंबईच्या आसपासच्या छोट्या धरणांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत ‘गर्दी नसलेले एखादे धरण सुचवा’ एवढीच मागणी होती. ती पत्रे आम्ही बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतून निवडलेल्या प्रश्नांना लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याने येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमची मुलुंडमधील गृहनिर्माण संस्था दरवर्षी जुलैत एका रविवारी सहल काढते. यंदा कर्जतजवळच्या एका छोट्या धरणावर जाण्याचे ठरले आहे. बस ठरली आहे, नाश्त्याचे सांगून झाले आहे आणि साठ माणसांमध्ये वीस मुले आहेत. धरण जेमतेम दोन मजली इमारतीएवढे उंच असून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून, घोट्याएवढेच पाणी वाहते. काही सदस्य तिथे आधी जाऊन आले आहेत आणि ते निर्धास्त आहेत. संस्थेचा सचिव म्हणून मला मात्र धाकधूक वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर : आपली धाकधूक अगदी योग्य जागी आहे. ‘छोटे धरण म्हणजे छोटा धोका’ हा समज आपल्या सदस्यांप्रमाणेच बहुतेक सहलकऱ्यांचा असतो आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक समज तोच आहे.

भातसा किंवा मध्य वैतरणा यांसारख्या मोठ्या धरणाला दरवाजे असतात, त्यांवर माणसे नेमलेली असतात, किती क्युसेक विसर्ग सोडायचा हे कोणीतरी ठरवते आणि पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. आपण ज्या धरणावर जाणार आहात, तसल्या धरणाला दरवाजेच नसतात. तलाव सांडव्याच्या माथ्यापर्यंत भरला की त्यापुढे वरून जेवढे पाणी येईल, ते आपोआप सांडव्यावरून खाली जाते. सांडव्यावरचे पाणी केव्हा आणि किती वाढायचे हे मागच्या डोंगरावरचा पाऊस ठरवतो आणि तो कोणाला कळवून पडत नाही. तिथे भोंगा वाजत नाही, कारण तो वाजवायला कोणी नसते.

याचा एक ढोबळ हिशेब मांडून दाखवतो. समजा, धरणाचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागावरचे पावसाचे पाणी धरणात येते तो भाग, २ चौरस किलोमीटर आहे आणि सांडवा ४० मीटर लांब आहे. तासाला ५ मिलिमीटर या वेगाने रिपरिप चालू असेल, तर सांडव्याच्या माथ्यावरून सुमारे १० सेंटीमीटर पाणी वाहील, म्हणजे आपण लिहिता तसे घोट्याएवढे. आता डोंगरावर एक मोठी सर कोसळली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, जे आपल्या घाटमाथ्यावर मुळीच नवलाचे नाही, तर माथ्यावरील पाणी ४५ ते ५० सेंटीमीटरपर्यंत चढते. तलाव त्यातील काही भाग तात्पुरता सामावून घेतो हे खरे, पण आधीच काठोकाठ भरलेला लहान तलाव फार काही सामावू शकत नाही. पाणलोट क्षेत्र जितके लहान आणि उतार जितका तीव्र, तितके हे पाणी लवकर खाली पोहोचते. मोठ्या नदीला पूर येण्यास काही तास लागतात, इथे तेच काम चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत होऊन जाते. शिवाय ज्या डोंगरावर सर कोसळली, तो ढगात असल्यामुळे आपल्याला दिसतही नसतो आणि आपल्या डोक्यावर कदाचित ऊन पडलेले असते.

गुडघ्याएवढे पाणी ऐकायला विशेष वाटत नाही. परंतु वर सांगितलेल्या स्थितीत माथ्यावरून जाताना त्याचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या घरात असतो आणि त्यात उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या पायांवर साधारण १५ ते २० किलो वजनाइतका आडवा रेटा येतो. रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, आणि सांडव्याच्या पायऱ्यांवरून खाली येताना पाण्याचा वेग वाढतच जातो. त्या पायऱ्यांवर शेवाळ असते. मुलांचे वजन कमी, उंची कमी, आणि बहुधा त्यांच्या पायांत रबरी चपला. सपाट तळावर संथ वाहणाऱ्या गुडघाभर पाण्यात आणि उतरत्या, निसरड्या दगडावरून धावणाऱ्या गुडघाभर पाण्यात नाव सोडले तर काहीच साम्य नाही.

सांडव्याच्या पायथ्याशी जिथे पाणी कोसळते, त्या जागेविषयी वेगळे सांगायला हवे, कारण फोटो काढण्यासाठी सर्वाधिक गर्दी तिथेच होते. वरून वेगाने आलेले पाणी खालच्या संथ पाण्यात घुसले की तळाशी ते पुढे पळते, पण पृष्ठभागावरचे पाणी उलटे फिरून भिंतीकडे येऊ लागते. या आडव्या भोवऱ्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा कोसळत्या पाण्याखाली ओढला जातो. त्या पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नेहमीसारखे तरंगवतही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे फक्त सुंदर फेस दिसतो. सांडवा जेमतेम पुरुषभर उंचीचा असला तरी हा भोवरा तयार होऊ शकतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. प्रवाह वाढला तेव्हा ते मध्यावर अडकले आणि काठ अगदी जवळ असूनही त्यांना तो गाठता आला नाही. त्या चित्रफितीखाली ‘इतक्या पाण्यात गेलेच कशाला’ अशा अर्थाचे बरेच लिहिले गेले. माझा अंदाज असा की ते गेले तेव्हा पाणी ‘इतके’ नसावे.

तेव्हा सहल रद्द करा असे मी म्हणणार नाही, पण तिचा बेत बदला. सांडव्याच्या माथ्यावर, पायऱ्यांवर, खालच्या कुंडात आणि त्यापुढील नाल्याच्या पात्रात कोणीही उतरणार नाही, हे बसमध्येच सर्वांना सांगा. ‘पाणी वाढले तर बाहेर येऊ’ हा नियम ठेवू नका, कारण वाढलेले पाणी लक्षात येईपर्यंत बाहेर येण्याची वाट पाण्याखाली गेलेली असते. एका जबाबदार माणसाने मात्र दिवसभर पाण्याच्या कडेला एखाद्या दगडावर खूण धरून बसावे. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, पाण्याचा आवाज जाड होणे, यांपैकी काहीही घडले की काठावरची माणसेही उंच जागी न्यावीत. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा इशारा पाहाच, परंतु तो चोवीस तासांसाठी आणि अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा कुलाबा आणि वेरावली येथील रडारांची ताजी चित्रे सकाळी निघताना आणि तिथे पोहोचल्यावर पाहणे अधिक उपयोगी ठरते.

मुलांचा हिरमोड होईल, हे मान्य. तलावाच्या भिंतीपासून दूर, शेताच्या बांधाला पाण्याचा ओहळ असतो. आठ वर्षांच्या मुलाला भिजण्यासाठी तेवढा पुरतो.

प्रश्न : नेरळच्या बाजूला आमचे छोटे घर आहे आणि वरच्या अंगाला अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एक मातीचे धरण आहे. दर पावसाळ्यात त्याच्या मागच्या उताराच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसते. गावातील काही जण म्हणतात की असे झिरपायचेच, तर काही जण फुटलेल्या तिवरे धरणाची आठवण काढतात. खरे काय मानावे? तिथे सुट्टीच्या दिवशी शे-दोनशे पर्यटकही असतात.

उत्तर : दोन्ही बाजूंचे म्हणणे अंशतः बरोबर आहे. मातीचे धरण पूर्णपणे जलाभेद्य कधीच नसते. त्याच्या गाभ्यात चिकणमाती भरलेली असते, ती पाण्याला अडवते असे म्हणण्यापेक्षा पाण्याचा वेग मारते असे म्हणणे योग्य. जे थोडे पाणी झिरपते, ते पायथ्याच्या गाळणीतून आणि दगडी चरातून सुरक्षितपणे बाहेर काढण्याची योजना बांधकामातच केलेली असते. त्यामुळे नेमून दिलेल्या चरातून, वर्षानुवर्षे साधारण तेवढेच आणि स्वच्छ पाणी येत असेल, तर धरण आपले काम करीत आहे असे समजावे.

चिंता कशाची करायची, तर पाण्याच्या रंगाची. झिरपणारे पाणी गढूळ येऊ लागले, म्हणजे ते आपल्याबरोबर धरणाच्या पोटातील माती घेऊन येत आहे. मातीचा एकेक कण निघून आत पोकळ नळी तयार होते, ती बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूकडे वाढत जाते आणि जितकी ती लांब होते तितके पाणी अधिक जोराने धावून ती आणखी रुंद करते. एकदा ती जलाशयापर्यंत पोहोचली की काही तासांतही भिंत फुटू शकते. म्हणून एका काचेच्या बाटलीत ते पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवावे आणि तळाशी गाळ बसतो का हे पाहावे. आम्ही नोकरीत असताना पावसाळी पाहणीला जाताना पिशवीत अशी बाटली असेच. याखेरीज नवी जागा ओली होणे, पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येणे, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडणे, माथ्याचा एखादा भाग खचणे किंवा उताराचा तुकडा फुगून पुढे आलेला दिसणे, या सर्वांची त्याच दिवशी खबर देण्याची गरज असते.

चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि महाराष्ट्रभर त्या विधानाची थट्टा झाली. थट्टा योग्यच होती, पण एक गोष्ट त्या हशात हरवली. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भरावात बिळे करतात आणि भरावावर वाढलेल्या झाडांची मुळे कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, हे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकातील सत्य आहे. म्हणूनच भरावावरची झाडेझुडपे लहान असतानाच काढणे, बिळे बुजवणे आणि दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, दुरुस्त ठेवणे हे दरवर्षीचे काम मानले जाते. खेकडा आपल्या स्वभावाला धरून वागतो, प्रश्न त्याचे बीळ वेळेवर बुजवणाऱ्याचा असतो.

मातीची धरणे फुटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे पाणी माथ्यावरून उलटून जाणे. दगडी किंवा काँक्रीटची भिंत ते काही काळ सोसते, मातीचा भराव सोसत नाही. गुजरातमधील मच्छू नदीवरचे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक पूर आल्याने असेच उलटून फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. इतका मोठा पूर आपल्या नेरळच्या धरणावर येणार नाही, परंतु सांडवा अपुरा पडण्यासाठी दरवेळी मोठा पूरच लागतो असे नाही. जास्त पाणी साठावे म्हणून कोणीतरी सांडव्यावर मातीच्या गोण्या रचते. सांडव्याच्या नाल्यात कणसांचे आणि भज्यांचे ठेले उभे राहतात, त्यांच्या मागे गाड्या लागतात आणि वाहून आलेली झाडे त्यांना अडकतात. आपल्याकडे शे-दोनशे पर्यटक येत असतील, तर हे घडत नाही ना याकडे आधी लक्ष द्या.

तक्रार करण्यापूर्वी धरण कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे लागते आणि खरी दमछाक तिथेच होते. ते जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, मृद व जलसंधारण विभागाकडे, जलसंपदा विभागाकडे, एखाद्या नगरपालिकेकडे किंवा रेल्वेकडेही असू शकते. भुशी मुळात रेल्वेच्या पाण्यासाठी बांधले गेले होते, हे तिथे भिजणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणांची, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. त्याहून ठेंगणी धरणे या कायद्याच्या जाळ्यातून निसटतात, आणि सहली मुख्यतः अशाच धरणांवर जातात. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव, तारीख घातलेली छायाचित्रे आणि तहसीलदारांना लेखी अर्ज हा मार्ग धरा. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच तारखेच्या आसपास काढलेली छायाचित्रे फार बोलतात. गळती वाढली की तेवढीच आहे, हा वाद त्यांच्यापुढे टिकत नाही. रात्रीच्या वेळी गढूळ पाण्याचा लोंढा दिसला, तर मात्र अर्ज लिहीत बसू नये. आधी खालची वाडी उठवावी आणि मग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ वर कळवावे.

प्रश्न : मी दादरच्या महापालिका तरण तलावात गेली बारा वर्षे नियमित पोहतो. एक किलोमीटर न थांबता पोहू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पूर किंवा प्रवाह यांचा प्रश्नच नसतो, तेव्हा एखाद्या शांत छोट्या धरणात पोहायला काय हरकत आहे?

उत्तर : आपल्या पोहण्याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती तळाविषयी. तरण तलावाचा तळ फरशीचा असतो आणि खोली काठावर रंगवलेली असते. धरणाच्या भरावासाठी लागणारी माती बऱ्याचदा बुडित क्षेत्रातूनच खणून काढलेली असते, त्यामुळे कंबरभर पाण्यातून चालताना पुढचे पाऊल तीन-चार मीटर खोल खड्ड्यात पडू शकते. वर्षानुवर्षे साठलेला मऊ गाळ पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या कुंपणाच्या तारा आणि मासेमारीची तुटलेली जाळी पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत.

दुसरे असे की त्या दिवसांत वरचे पाणी कोमट असते आणि दोन-तीन मीटर खाली ते एकाएकी गार होते. सूर मारणाऱ्याला तो गारठा अनपेक्षितपणे भिडतो, दम लागतो आणि पाण्याखालीच श्वास घेतला जातो. चांगल्या पोहणाऱ्यांचे अपघात कोणी सोबत नसताना आणि काठापासून दूर होतात, कारण त्यांना तेवढे दूर जाता येते.

तिसरी गोष्ट विमोचकाची. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून नळ काढलेला असतो आणि त्याचे तोंड जलाशयाच्या बाजूला, बहुधा छोट्या विहिरीसारख्या मनोऱ्याच्या तळाशी असते. तो मनोरा उडी मारण्यासाठी मोठा आकर्षक वाटतो. पाच मीटर खोलीवर एक फूट लांब-रुंद तोंड उघडे असेल आणि पलीकडे नळ रिकामा असेल, तर त्या तोंडावर आडव्या आलेल्या शरीरावर सुमारे ४५० किलो वजनाइतका दाब पडतो. तिथून कोणालाही हात धरून ओढून काढता येत नाही. आधी पाणी बंद करावे लागते आणि त्याची किल्ली तालुक्याच्या गावी राहणाऱ्या चौकीदाराकडे असते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, चालू विमोचकावर तरंगत आलेली एक जाड फांदी मी आत ओढली जाताना पाहिली. त्यानंतर त्या मनोऱ्याच्या आसपास पाण्यात उतरण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

तरीही पोहायचेच असेल, तर जिथे पोहण्याची परवानगी आहे, जीवरक्षक आहेत आणि विमोचक कुठे आहे हे दाखवणारी पाटी आहे अशीच जागा शोधा. अशा जागा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, हे मला ठाऊक आहे. आपल्या दादरच्या तलावाचे पाणी निदान तपासले जाते.

प्रश्न : गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझा कॉलेजात जाणारा मुलगा मित्रांसोबत एका धरणाखालच्या कुंडात भिजून आला. आठवड्याभराने त्याला ताप आणि पोटऱ्यांत प्रचंड दुखणे सुरू झाले. डॉक्टरांनी लेप्टोचे निदान केले, उपचार वेळेवर मिळाले आणि तो बरा झाला. पण ते पाणी तर डोंगरातून आलेले, स्वच्छ, पारदर्शक होते. भांडुपच्या तुंबलेल्या पाण्यातून चालताना आम्ही काळजी घेतो, तिथे कशी घेणार?

उत्तर : मुलगा वेळेवर बरा झाला हे वाचून बरे वाटले. पाणी पारदर्शक असणे आणि निर्मळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि त्वचेवरील ओरखड्यांतून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतात. धरणाच्या वरच्या अंगाला गुरे चरतात आणि पहिल्या काही मोठ्या पावसांत डोंगरावरचे सारे काही धुऊन खाली येते. खडकावर घसरून ढोपर खरचटलेले असले की जंतूंना दार उघडेच मिळते. लक्षणे सामान्यतः पाच ते चौदा दिवसांत दिसतात, पण महिनाभरानेही दिसू शकतात. म्हणून तापासोबत पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर ‘दोन आठवड्यांपूर्वी धरणावर भिजलो होतो’ हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. दूषित पाण्यातून चालल्यानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी असे मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. तो सल्ला तुंबलेल्या रस्त्यापुरता आहे असे समजू नका. जखम असेल तर पाण्यात उतरू नये, आणि उतरल्यास घरी येताच साबणाने अंग धुवावे.

पाण्याच्या शुद्धतेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निकष ठरवले आहेत. १०० मिलिलीटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संख्या ५०० पर्यंत असावी आणि कोणत्याही परिस्थितीत ती २,५०० च्या वर जाऊ नये. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. डोळ्यांनी यांतले काहीच दिसत नाही. दिसू शकते ते एवढेच : ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळसर साय जमली असेल, तर ती विषारी द्रव्ये सोडणाऱ्या नीलहरित शेवाळाची असू शकते. अशा पाण्यात उतरू नये, ते कुत्र्याला पिऊ देऊ नये आणि उकळून प्यावे असाही विचार करू नये, कारण ती विषारी द्रव्ये उकळल्याने नष्ट होत नाहीत.

प्रश्न : एवढ्या लांब जाण्याची गरजच काय? मुंबईत पवई, विहार आणि तुळशी असे तीन जुने तलाव आहेत. ते लोकांसाठी खुले का करत नाहीत? (बोरिवलीचे एक वाचक)

उत्तर : विहार १८६० पासून आणि तुळशी १८७९ पासून मुंबईला पिण्याचे पाणी देत आहेत. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाने वेढलेले आहेत. पिण्याच्या पाण्यात साबण लावून उतरण्याचा हक्क कोणी मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पवईच्या काठावर आपण खुशाल फिरा, पण पाण्यात उतरण्याचा विचार सोडा. १८९० च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यायोग्य नाही आणि ते औद्योगिक वापरासाठी दिले जाते. भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी त्यात येत राहिले, त्यावर जलपर्णी पोसली गेली, आणि त्या जलपर्णीखाली मगरी आहेत. सहलीसाठी एवढा तपशील पुरेसा असावा.

प्रश्न : धरणांवर जाण्यास बंदी असल्याचे दरवर्षी ऐकतो, तरी तिथे गर्दी असतेच. बंदी नेमकी कायद्याने असते का?

उत्तर : असते. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी ठरावीक मुदतीसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. १ जुलै २०२४ पासून असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, पूर्वी ते कलम १४४ खाली निघत. कर्जत तालुक्यातील सोलनपाडा, पनवेलजवळचे गाढेश्वर यांसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पोलीस वाटेतच गाड्या परत पाठवताना दिसतात. आदेश मोडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. माझी तक्रार वेगळी आहे. सरसकट बंदी घालणे सोपे असते. सांडव्याला कठडा बांधणे, पाणीपातळीची पट्टी रंगवणे आणि शनिवार-रविवारी दोन प्रशिक्षित माणसे दोरासह उभी करणे याला खर्च येतो आणि त्याची फीत कापता येत नाही. स्थानिक मुलांना हे काम मानधनावर दिले, तर त्यांना पाण्याची जेवढी जाण आहे तेवढी बाहेरच्या कोणालाही नसेल.

प्रश्न : समजा डोळ्यांदेखत कोणी पाण्यात पडले, तर नक्की काय करावे? मला पोहता येत नाही. (डोंबिवलीच्या एक शिक्षिका)

उत्तर : पोहता येत नाही हे आपण जाणता, ही चांगली गोष्ट आहे. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा तऱ्हेने एकाच कुटुंबातील अनेक जण बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपण पाण्यात शिरू नये आणि इतरांनाही शिरू देऊ नये. काठावर पालथे पडून काठी, छत्री किंवा पिळा घातलेली ओढणी पुढे करावी. अंतर जास्त असेल, तर पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकण लावलेला तेलाचा कॅन दोरीला बांधून फेकावा. बुडणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्यापुरता आधार एवढ्या कॅनने मिळतो. सहलीच्या स्वयंपाकाच्या सामानात तो असतोच, दोरी मात्र आठवणीने घ्यावी लागते. दोरीचे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नये.

बाहेर काढल्यावर माणसाला उलटे टांगणे किंवा त्याचे पोट दाबून पाणी काढणे हा गावोगाव चालणारा उपाय कटाक्षाने टाळावा. पोटातील पाणी आणि अन्न त्यामुळे श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालू नसेल, तर डोके किंचित मागे झुकवून, नाक चिमटीत धरून आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत श्वास देणे वगळू नये, कारण त्याचे हृदय थांबते ते बहुधा प्राणवायू न मिळाल्यामुळे. हे वाचून येत नाही, एकदा प्रशिक्षण घेऊन करून पाहावे लागते. आपण शिक्षिका आहात, तेव्हा शाळेत त्याचा वर्ग ठेवता येईल का ते पाहा. शुद्धीवर येऊन बोलू लागलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनी श्वास पुन्हा अडखळू शकतो.

मदतीसाठी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असतात, पण धरण डोंगराच्या कुशीत असल्याने तिथे फोन लागेलच असे नाही. पोहोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फोन कुठे लागतो ती जागा पाहून ठेवा आणि गावाचे, वाडीचे व जवळच्या फाट्याचे नाव कोणाला तरी विचारून कागदावर लिहून घ्या. ‘कर्जतजवळचे ते धबधब्यासारखे धरण’ एवढ्या पत्त्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही, आणि त्या तालुक्यात तसली धरणे एकाहून अधिक आहेत.